त्या व्हिडिओतला पहारेकरी जेवून आलाय

आज सकाळी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने एक व्हिडिओ टाकला. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटाची लाल वाळू, वाळक्या झाडाच्या बुंध्यावर एक मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी) दोन पायांवर ताठ उभा, खाली बाकीचे माती उकरतायत. सोबत मजकूर: 'एकत्र कुटुंब असावं तर असं! कुटुंबप्रमुख उन्हात उभा राहतो म्हणून बाकीचे सुखाने खातात.' त्यावर अंगठ्यांची रांग. आणि काकांनी लिहिलं, 'आपले अण्णा असेच होते.'

मी वीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दुपारपर्यंत गप्प राहून बघितलं, नाही जमलं.

तो कुटुंबप्रमुख नाही. मीरकॅटांत पहारा आळीपाळीने असतो आणि सत्ता एका मादीकडे असते. प्राणिशास्त्रज्ञ टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ साली दक्षिण आफ्रिकेत कुरुमान नदीच्या परिसरात या प्राण्यांचा अभ्यास सुरू केला. मीरकॅटांना माणसांची इतकी सवय लावली, की अंड्याच्या तुकड्यासाठी ते आपणहून वजनकाट्यावर चढतात. वर्षानुवर्षं असं वजन करून काय दिसलं? पहाऱ्याला बहुतेक वेळा तो चढतो, ज्याचं पोट भरलेलं असतं. ससाणा आधी त्यालाच दिसतो, आणि बिळात पहिला तोच घुसतो.

उपाशी राहतं ते दुसरंच कोणीतरी. पिल्लं पहिले तीन-चार आठवडे बिळातच असतात. सगळे पोटामागे बाहेर पडतात तेव्हा एखाददुसरा राखणीला मागे थांबतो. पिल्लं बहुधा त्याची नसतात. दिवसभर अन्नाचा कण नाही. चोवीस तासांत त्याचं वजन सुमारे १.३ टक्के उतरतं, बाहेर गेलेल्यांचं सुमारे १.९ टक्के वाढतं. त्याचा व्हिडिओ कोण काढणार? बिळाच्या तोंडाशी नुसतं बसलेलं तर असतं ते.

आमच्या घरात ती आत्या होती.

भुईमूग काढायला अख्खं घर रानात जायचं आणि आम्ही सात पोरं तिच्यावर. सर्वांत लहान झोळीत. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, हातात निवडायचं धान्य. तिच्यासाठी दुरडीत दोन भाकरी झाकून ठेवलेल्या असायच्या, आणि दुपार व्हायच्या आत त्या आम्हीच संपवायचो. दिवेलागणीला आई घरी येऊन विचारायची, "वन्सं, जेवलात का?" ती म्हणायची, "झालं की मघाशी." मी सात वर्षांची होते. मला माहीत होतं, झालेलं नाही. मी बोलले नाही.

अण्णा खळ्यावर राखणीला जायचे, खरं आहे. पण जेवून जायचे.

मीरकॅटांत नरही पिल्लं राखतात, पाळी बदलते, एकाच जिवावर सगळं पडत नाही. तेवढं मान्य. आमच्याकडे पाळी बदलली नाही.

आणि 'एकत्र कुटुंब' म्हणून नाचताय ना, तर पुढचंही ऐका. राणी मादी गाभण असली की हाताखालच्या माद्यांना, बरेचदा स्वतःच्या लेकींना, चावून कळपाबाहेर हाकलते. त्यांना पिल्लं झालीच तर मारूनही टाकते. हाकललेली एकटी वाळूत भटकते, वाळते, आणि परत घेतलं तर कधीकधी त्याच राणीच्या पिल्लांना दूध पाजते. २०१६ साली हजारभर जातींच्या सस्तन प्राण्यांची तुलना झाली, तेव्हा स्वजातीयांकडून मारलं जाण्याचं प्रमाण सर्वांत जास्त मीरकॅटांत निघालं. पाचातला जवळपास एक मृत्यू. हा आदर्श आपल्या सुनांना पाठवताय?

आत्या लग्नानंतर दोन वर्षांत परत आली. का आली ते कोणी विचारलं नाही. तिचं स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून आमची सगळी तिच्या पदरात टाकली आणि त्याला एकी म्हटलं.

हे सगळं मी रागाने लिहितेय, पण मीरकॅटांवर माझा राग नाही. त्यांचं मला सर्वांत आवडतं ते विंचवाचं. मोठी मीरकॅटं पिल्लांना शिकार शिकवतात. लहान पिल्लाला आधी मेलेला विंचू. थोडं मोठं झालं की नांगी तोडलेला, जिवंत. मग पुरता जिवंत. पिल्लाच्या हातून निसटला तर नाकाने परत पुढे ढकलतात. वर्गात हे सांगताना दर वर्षी मला आमच्या मागच्या परड्यातला गोवऱ्यांचा ढीग दिसतो. आत्या माझा हात धरून म्हणायची, "आधी काठीनं उलथव. खाली बघ. मग हात घाल." एकदा खरंच निघाला, काळा, नांगी वर केलेला. तिने मला मागे ओढलं नाही. शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बघून घे नीट, कसा चालतो ते." आजही मी बूट आपटल्याशिवाय पायात घालत नाही.

अण्णा वाईट नव्हते. काकांनी त्यांची आठवण काढली याचंही मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की त्या ग्रुपवरची निम्मी माणसं तिच्या झोळीत झोपलेली आहेत आणि एकालाही ती आठवली नाही.

दादा, हे तू वाचशीलच. पुढच्या महिन्यात यात्रेला सगळे गावी जमतोय. आत्याला आधी पहिल्या पंगतीला बसवायचं, अण्णांच्या फोटोसमोरच्या पाटावर. तिचं जेवण होईपर्यंत तिच्या मांडीवर कुणी पोर द्यायचं नाही. वाढायला मी आहे.