‘एक गावकरी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक गावकरी’ यांस,

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, जशी आली तशी ठेवली आहे. ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या प्रिन्स विल्यम काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) निवडून आलेल्या सुपरवायझर मंडळापुढे मी डेटा सेंटरच्या, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर ठेवायच्या अवाढव्य इमारतींच्या, विरोधात बोलले, त्याबद्दल मागची पोस्ट होती. त्यावर तुमचं म्हणणं असं: 27 तास लोकांचं ऐकून मंडळाने करायचं तेच केलं, मग बोलून काय साधलं? विरोधकांना काळजी आहे ती आपापल्या घरांच्या किमतीची. आणि शेवटी, “ताई, गावच्या ग्रामसभेत कधी तोंड उघडलंत का? तिकडे तीन मिनिटं माइक मिळाला की लगेच आम्हाला लोकशाही शिकवायला निघालात.”

आधी मान्य करण्यासारखं मान्य करते. पोस्ट लांबली होती. सभागृहाबाहेरच्या कॉफीचा परिच्छेद गाळला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

पण ही कुठली बोलण्याची रीत? नाव लपवायचं, सुरुवातीला ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दात तोंड काढायचं. मी माझ्या नावाने लिहिते. तिथे माइकसमोरही नाव सांगूनच उभी राहिले. तुम्हाला मात्र ‘एक गावकरी’ या पडद्याआडून दगड मारायचा आहे. शिवाय ‘आम्हाला शिकवायला निघालात’ हे कुठून काढलंत? त्या पोस्टमध्ये महाराष्ट्राचा उल्लेख एका ओळीतही नाही. असला तर दाखवा.

आता ग्रामसभेचं. विचारलंच आहे तर ऐका.

माझे वडील ग्रामसेवक होते. नोंदवही, शिक्का, दवंडी, फळ्यावरची नोटीस हे सगळं मी शाळेत जायच्या आधीपासून पाहत आले आहे. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणजे गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यात जो आकडा कमी तो. तेवढी माणसं जमत नसत. मग सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. त्याच सतरंजीवर बसून तीच सात-आठ माणसं सगळे विषय मंजूर करत. दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन घरोघर फिरायचा. कुणी गोठ्यात, कुणी पारावर, जिथे सापडेल तिथे सही. बायकांचा अंगठा घ्यायला तो चुलीपर्यंत जायचा, कारण ठराव वाचून दाखवायचा नसायचाच. आणि वहीत वडिलांच्या वळणदार अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’.

आणि हो, तोंड उघडलं होतं. कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. आमच्या आळीच्या नळाला एक दिवसाआड पाणी आणि सरपंचांच्या आळीला रोज, ते का, एवढंच विचारलं. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वडिलांना म्हणाले, “अण्णा, हिचं नाव आहे का आपल्या यादीत?” नव्हतं. वडिलांच्या बदलीचं गाव ते, आमचं मतदान मूळ गावी. कायद्याने त्यांचं बरोबरच होतं, ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारयादीतली माणसं. वडिलांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढचा विषय येईपर्यंत उघडलं नाही. माझा प्रश्न वहीत चढला नाही. पाणी आम्हीही पीत होतो, पण ते यादीत लिहिलेलं नसतं.

आता समजेल की तीन मिनिटांचं मला एवढं का वाटलं. प्रिन्स विल्यममध्येही माझं मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारोंपैकी मी एक. तरी 12 डिसेंबर 2023 च्या सुनावणीला मी नाव नोंदवलं. माझा पुकारा झाला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. विचारलं फक्त नाव आणि मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट, म्हणजे काउंटीच्या सात विभागांपैकी मी कुठल्या विभागात राहते एवढंच. पासपोर्ट नाही, यादी नाही. समोरचं घड्याळ उलटं पळत होतं. त्या तीन मिनिटांत मी जे बोलले ते माझ्या नावावर रेकॉर्डला आहे. इथल्या सुपरवायझरांना मी भाबडेपणाने देवमाणसं समजते असं कृपया मानू नका. एक जण सारखा फोनमध्ये डोकं घालून होता.

‘करायचं तेच केलं’. केलं ना. दुसऱ्या दिवशी 4 विरुद्ध 3, एक तटस्थ, अशा मतांनी 2,100 एकरांहून जास्त जमीन डेटा सेंटरसाठी मोकळी झाली, तीही मनॅससच्या रणभूमीला लागून, जिथे 1861 आणि 1862 मध्ये यादवी युद्धातल्या दोन लढाया झाल्या. नवं मंडळ जानेवारीत यायचं होतं. जाता जाता जुन्यांनी उरकून घेतलं. इथपर्यंत तुमचं वाचन बरोबर आहे, पण पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायाधीशांनी ती मंजुरी मुळातूनच रद्दबातल ठरवली. कारण? सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात कायद्याने ठरवलेल्या मुदतीत छापून आली नव्हती. पुढे अपीलं झाली, ते चालायचंच. आमच्या भाषणांनी न्यायाधीशांचं मन वळलं असा माझा दावा नाही. पण लोकांना वेळेत कळवलं नाही म्हणून निवडून आलेल्या मंडळाचा ठराव शून्य ठरतो, हे ग्रामसेवकाच्या मुलीला किती मोठं वाटतं ते तुम्हाला कसं सांगू? फळ्यावर नोटीस लागलीच नाही म्हणून आमच्याकडचा एकतरी ‘सर्वानुमते’ कुणी खोडलेला तुम्ही पाहिलाय का? मी नाही पाहिला.

घरांच्या किमतीचं म्हणाल, तर असेलही कुणाकुणाची ती काळजी. पाइपलाइन शेतातून जायला नको म्हणणाऱ्या शेतकऱ्याला आपण विचारतो का, तुला पाण्याची काळजी की जमिनीच्या भावाची? दोन्हीची असते. याच काउंटीत हेमार्केटजवळ डिस्नेला इतिहासाचं थीम पार्क उभारायचं होतं. स्थानिक लोक आणि इतिहासकार यांनी इतका गदारोळ केला की 1994 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. तेव्हाही ‘घरांच्या किमती’ हे ऐकवणारे होतेच असणार. यावर याहून जास्त शाई मी घालवणार नाही.

आणि काउंटीशी तुलना करायची तर ग्रामसभेशी कशाला करता, जिल्हा परिषदेशी करा. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत तुम्हा-आम्हा सामान्य माणसाला उभं राहून बोलायचा हक्क आहे का? सभेचं सोडा, 2022 पासून कित्येक वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांत निवडून आलेलं कुणी नव्हतंच, प्रशासक होते. त्या काळात तुम्ही कुठल्या सभेत तोंड उघडलंत, हा प्रश्न मी तुमच्याच शब्दांत परत करते. राग मानू नका, शब्द तुमचेच आहेत.

उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या. पण नाव घालून द्या, आणि गावाचंही. बिननावाची प्रतिक्रिया यापुढे छापणार नाही.