चांगलंचुंगलं कापड फाडून

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं वाकळीच्या, म्हणजे गोधडीच्या, कापडाचं दुकान आहे. नव्या ओळखीच्या माणसाला हे सांगितलं की तो जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे वाकळी विकता?" विकते, पण थोड्या. "मग जुनी लुगडी घेऊन शिवून देता?" तेही करते, पण पोट त्यावर चालत नाही. पोट चालतं ते नवं कोरं कापड विकून. लोक ते घरी नेतात, त्याचे चौकोन नाहीतर तिकोन कापतात आणि परत एकमेकांना जोडत बसतात. एवढं ऐकल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा जे म्हणत असतो, ते आमच्या सासूबाई तोंडाने म्हणतात. "अख्खं कापड अख्खं ठेवायला काय धाड भरलीया लोकांना?"

त्यांचं चुकत नाही. वाकळ म्हणजे मुळात कापडाची पेन्शन. लुगडं आधी सणाला नेसायचं, मग रोजच्याला, मग शेतावर, आणि पोतेऱ्यात जायच्या आधी त्याला जे चार दिवस मिळायचे ते वाकळीत. सुगी उरकली, ऊन तापायला लागलं, की गल्लीतल्या बायका सतरंजीवर बसायच्या. वर-खाली त्यातल्या त्यात धड लुगडं, आत विटलेली धोतरं आणि साड्या, आणि कडेकडेने धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्यावर यायचं. कापडाला एक पैसा खर्च झाला नाही, याचाच तर तोरा! अशा गावात मी काचेच्या कपाटात हाताने छापलेल्या अजरखचा तागा उभा करते आणि त्यावर 'वाकळीसाठी खास' अशी चिठ्ठी चिकटवते. लोकांनी दगड मारले नाहीत हा कोल्हापूरकरांचा मोठेपणा.

माझं गिऱ्हाईक दोन जातींचं. एक, व्हिडिओ बघून शिकलेल्या मुली. यांना सगळं इंग्रजीत हवं असतं. चव्वेचाळीस पन्ह्याचं एक वार कापड उभं-आडवं निम्मं केलं की अठरा बाय बावीस इंचाचा जो तुकडा पडतो, त्याला त्या फॅट क्वार्टर म्हणतात. मागणी वाढली म्हणून मी दाराशी पाटी लावली, 'फॅट क्वार्टर मिळतील'. त्याच संध्याकाळी एक पोक्त गृहस्थ आले, मागेपुढे बघितलं, आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "गार हाय काय?" मी म्हटलं, सुती आहे, गारच असतं. पाटी काढली. तरी महिनाअखेरपर्यंत अधूनमधून कुणीतरी डोकावून जायचं.

दुसरी जात पन्नाशीच्या पुढची. या बायका काही घ्यायला येत नाहीत, तपासायला येतात. कापडाचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चुरगळतात, उजेडाला धरतात, नखाने धागा उचलतात आणि तागा आपल्या मनातून उतरल्याचं तोंड वाकडं करून जाहीर करतात. मग विचारतात, "पन्हा केवढा?" छत्तीस म्हटलं तर "एवढासाच?" चव्वेचाळीस म्हटलं तर "एवढा कशाला?" खणाचा पन्हा मुळातच अरुंद, तो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डाहून आला म्हणून काही रुंद होत नाही, हे मी प्रत्येकीला समजावते. समजतं त्यांना. फक्त भाव पाडायला ते उपयोगी पडत नाही, म्हणून समजलेलं दाखवायचं नसतं.

नवा माल यायचा दिवस म्हणजे तर परीक्षाच. आदल्या आठवड्यात जयपूरचा व्यापारी मोबाईलवर फोटो पाठवतो. फोटोत हळदीसारखा पिवळा. ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्टी दाखवायची, हमालीवरून वाद घालायचा, गाठ रिक्षात कोंबायची आणि दुकानात येऊन सुतळी कापायची. आत पिवळा असतो, पण तो आंब्याच्या कोयीचा. फोन केला की पलीकडून गोड आवाज, "दीदी, सेम टू सेम." त्यालाही फार बोलता येत नाही. हाताने ठसा मारलेलं कापड, पाण्यात क्षार जास्त आला, ऊन कमी पडलं, रंगाच्या हौदाचा मूड गेला, की छटा बदलते. नीळ तर हौदातून बाहेर येते तेव्हा पिवळट हिरवी असते, हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. असल्या चंचल रंगाकडून सेम टू सेमची अपेक्षा कुणी करावी?

गिऱ्हाइकाने करावी. निम्मी वाकळ जोडून झालेली बाई बोटभर तुकडा घेऊन येते, "ह्यातलंच द्या." मी नव्या ताग्यावर तो तुकडा ठेवते. ती म्हणते, जरा गडद वाटतोय. मी म्हणते, ट्यूबलाइटमुळे. "मग उन्हात बघूया की." झालं. मी तागा खांद्यावर घेऊन रस्त्यावर. तुकडा तिच्या हातात, ताग्याचं टोक माझ्या हातात, मधे एक स्कूटर थांबलेली. स्कूटरवाल्या वहिनी इंजिन बंद न करताच म्हणतात, "नाही हो, हा तांबूस मारतोय." समोरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून येतो, कारण कापडातलं आपल्याला कळतं हे त्याला दाखवायचं असतं. "धुतल्यावर एक होतंय बघा," तो म्हणतो. कोथिंबीरवाल्या मावशी पाटी न उतरवता निकाल देतात, "दोन्ही सारखंच हाय, पर नवं नगंच." एवढ्या पंचांसमोर मी काय बोलणार? बाई अर्धा मीटर घेते. पंच मात्र माझ्या चहाचे निघतात.

खरेदी कुणी केलीच तर कापणं ही पुढची अडचण. माझ्याकडून वाकळीसाठी नेलेलं निम्मं कापड वाकळीत जात नाही असा माझा दाट संशय आहे. कात्री हातात घेतली की धीर होत नाही, मग महिन्याभराने तीच बाई त्याच अजरखचा कुर्ता घालून येते आणि माझी नजर चुकवते. मी तिला बोलत नाही. मला स्वतःला तागा फाडताना पोटात कालवतं. अजरख कच्छमधून येतो. 2001 च्या भूकंपानंतर धमडक्याच्या खत्री छपाईकारांनी भुजजवळ अजरखपूर हे गावच नवं वसवलं, एकेका कापडाला धुणं-छापणं-रंगवणं असे कितीतरी हात फिरतात. हे सगळं मी एकदा एका गिऱ्हाइकाला रंगून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं सगळं करून परत चिंध्याच करायच्या?"

माहिती देणं हे दुकानदाराने टाळावंच. राजस्थानातल्या बगरूच्या दाबू छपाईचं कापड बघत दोघी सासू-सुना उभ्या होत्या. सून खूश, सासूबाई तटस्थ. मी उत्साहाने सांगायला गेले, की काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ कालवून तो चिखल ठशाने कापडावर लावतात, वर भुसा मारतात, मग नीळ चढवतात. चिखल असतो तिथे रंग लागत नाही, म्हणून ही पांढरी नक्षी. सासूबाईंनी कापडावरचा हात काढून पदराला पुसला. "चला," त्या सुनेला म्हणाल्या, "किडका गहू आपल्या घरी काय कमी हाय?"

आणि पावसाळा. नवं सुती कापड आटतं, मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर सहज. जोडकामात एक तुकडा आटला आणि शेजारचा नाही आटला, की पहिल्या धुण्याला वाकळ आक्रसून तोंड करते. म्हणून कापायच्या आधी भिजवून वाळवा, असं मी सगळ्यांना सांगते. लोक म्हणतात, तुम्हीच भिजवून द्या की. जुलैत कोल्हापुरात वाळत काय असतं? इचलकरंजीहून आलेला मांजरपाट मी पंख्याखाली दोरीवर टाकते, तो आठवडाभर 'आज वाळतो, उद्या वाळतो' करतो आणि दुकानात कुबट वास धरतो. गिऱ्हाईक येतं ते ओल्या पडद्यातून वाट काढत, शेजारी टांगलेल्या निळीच्या कापडाचे डाग डोक्यावर घेऊन. नीळ पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर नुसती चढून बसलेली असते, घासलं की उतरते. हेही मी सांगायला जात नाही आता. माझी बोटं बघून शिवणाऱ्या अक्कांनी एकदा नवऱ्याला फोन केला होता, "ताईस्नी डाक्टरकडं न्यायला पायजे, रक्त निळं पडलंय." मग मला म्हणाल्या, "मी जातो आता, पाऊस वाढलाय," आणि सांगितलेली किनार तशीच टाकून गेल्या.

परवा एक आजी आल्या, नातसुनेला घेऊन. पणतवंडाच्या बारशाला दुपटं शिवायचं होतं. नातसूनबाईंनी गर्द निळा दाबू काढला. आजी म्हणाल्या, "काळं? बोरन्हाण हाय व्हय?" काळं नाही, निळं आहे. "मला काळंच दिसतंय." हळदी रंग काढला, तो चालला. मग मूळ हरकत आली. बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. खळ असती, टोचतं. आमच्या सगळ्या पोरांना मी जुन्या लुगड्यातच गुंडाळलंय.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. चार वेळा धुऊन देते म्हटलं. "धुऊन कोवळं हुतंय व्हय? वापरून हुतंय." शेवटी नातसूनबाईंनीच तोड काढली. वरचा पदर नव्या कापडाचा, लोकांना दिसायला. आतला आणि बाळाला लागणारा आजींच्या लुगड्याचा. आजींनी पिशवीतून लुगडं काढलं. म्हणजे घरून निघतानाच ठरवून आल्या होत्या! हिरवं, काठ विरलेला, आणि इतकं मऊ की माझं महागातलं मलमल त्याच्या शेजारी ताडपत्रीच वाटायला लागलं.

कोपऱ्यांना मी तिकोनी तुकडे ठेवते. आजींनी बोट लावून विचारलं, हे फुकटचं काय? कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदीला, म्हणजे वाकळीला, असे तिकोन लावतात, त्याला फूल म्हणतात, फूल नसेल तर कवंदी नागडी, असं त्या मानतात. आजींनी विचार केला. "नागडी? मग लाव बाई."

अक्कांनी टीप मारायला घेतली. मी हिशेब मांडला. कापड, दोरा, शिलाई. आजींनी कागद हातात घेतला, लांब धरला, आणि शिलाईच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे दिलं. ह्यो दोरा बी दिला. आता माझ्या लुगड्याचं तू किती देतीस ते लिही." मी बघतच राहिले. आजींनी कागद माझ्याकडे सरकवला. "आतलं सगळं माझं हाय की. आणि कातरण उरंल ती ठिवून घिऊ नगंस. मोजून दे, मला उशी करायचीया."