लकवा समजून एक दिवस गेला

एका लेखात जानेवारी २०२५ मधल्या पुण्याच्या जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पाडणारा आजार) साथीबद्दल वाचलं. हा आजार आमच्या यवतमाळकडच्या खेड्यातही येतो हो. डवरणीच्या दिवसांत माझ्या मोठ्या भावाला हगवण लागली, चार दिवसांत थांबलीही. आठवड्याने वावरातून येताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली, त्याला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठता येईना. कोणी लकवा म्हणालं, कोणी बाहेरचं. अंगाऱ्यात एक दिवस गेला, त्याची हळहळ अजून आहे. पोटातल्या कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं आपल्याच नसांवर उलटतात, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. हगवणीनंतर दोन्ही पायांतला अशक्तपणा वर चढू लागला तर वाट बघत थांबू नका, दवाखाना गाठा, श्वासाचे स्नायूही त्यात सापडतात. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचं औषध) मिळालं म्हणून भाऊ सहा महिन्यांनी काठी धरून वावरात गेला.