बारा किलोमीटर चालून सव्वाचार

फिजिक्सच्या गणितात जो माणूस चालत असतो ना, त्याला एकदा गाठून विचारायचंय की बाबा रे, तुला नक्की जायचंय कुठे? आधी २ किमी पूर्वेला जातो, मग काय मनात येतं कोण जाणे, पश्चिमेपासून उत्तरेकडे ३० अंशाचा कोन करून ४ किमी जातो, आणि तिथून तडक दक्षिणेला ६ किमी. कामधंदा नाही, दम लागत नाही, वाटेत कुणी ओळखीचं भेटत नाही. कोन मात्र अचूक पकडतो. आणि एवढी पायपीट करून हा थांबला की आपल्याला विचारतात, याचं डिस्प्लेसमेंट काढा, म्हणजे निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किती लांब आणि कुठल्या दिशेला. अरे त्यालाच विचारा ना!

पण नाही, ते काढायचं काम माझ्याकडे आहे. भाचीने फिजिक्स घेतलंय आणि "मामाला येतं" अशी अफवा घरात कुणीतरी पसरवून ठेवलीये.

पहिली बोंब तर अंतरापासूनच सुरू होते. गडी चालला एकूण १२ किमी, पण फिजिक्सला त्याच्या घामाशी काही देणंघेणं नाही, निघाला कुठून आणि पोचला कुठे एवढंच बघणार. ४०० मीटरच्या ट्रॅकला पूर्ण फेरी मारून जागेवर आलात तर डिस्प्लेसमेंट शून्य. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्याचंही शून्यच. भाची म्हणाली, "मग तो पळाला कशाला?" याचं उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही.

आता खरं सांगायचं तर कंपोनंटची आयडिया झकास आहे. तिरक्या चालीचे दोन तुकडे करायचे, पूर्व-पश्चिमेची वही वेगळी, उत्तर-दक्षिणेची वेगळी, पूर्व आणि उत्तर जमा, पश्चिम आणि दक्षिण खर्च, आणि शेवटी दोन्ही वह्यांची बाकी काढायची, एकीतलं दुसरीत मिसळायचं नाही. इतकं सरळ आहे. ४ किमीचे पश्चिमेला ४ कॉस ३० म्हणजे ३.४६ आणि उत्तरेला ४ साइन ३० म्हणजे २. संपलं.

डोक्याला शॉट लागतो तो कोनामुळे. पोरांनी "एक्सला कॉस, वायला साइन" असं मंत्रासारखं घोकलेलं असतं आणि तो मंत्र चालतो कधी, तर कोन आडव्या रेषेपासून मोजला असेल तरच. गणित घालणाऱ्याने "उत्तरेपासून पश्चिमेकडे" एवढं लिहिलं की कॉस आणि साइनची अदलाबदल. जी बाजू कोनाला चिकटून आहे तिला कॉस, एवढंच लक्षात ठेवायचं असतं, पण ते लक्षात ठेवायला आधी चित्र काढावं लागतं, आणि चित्र काढायला सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो जणू मी किडनी मागितली.

या तुकडे पाडण्याच्या उद्योगाचं मूळ शोधायला गेलं तर एक हॅमिल्टन नावाचे गणिती गृहस्थ सापडतात. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याच्या कडेने बायकोबरोबर चालले होते, अचानक सूत्र सुचलं आणि पुलाच्या दगडावरच ते आय, जे, के या अक्षरांचं सूत्र कोरून मोकळे झाले. (त्यावर बाई काय म्हणाल्या असतील याचा मी बऱ्याचदा विचार करतो.) पुढे गिब्ज आणि हेविसाइड या दोघा शास्त्रज्ञांनी त्या पसाऱ्याला कात्री लावून आजचे व्हेक्टर, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही सांगणारे बाण, केले. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी एक चालणारा माणूसच आहे.

मग कॅल्क्युलेटर. भाचीने साइन ३० दाबलं तर आलं उणे ०.९८८. उत्तरेला निघालेला माणूस दक्षिणेला चालायला लागला, कारण यंत्र रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्याच एककात होतं. ते कुणी केलं हे कुणीच सांगत नाही, रेडियन मोड आपोआप येतो, पावसासारखा.

डिग्रीत आणून बेरीज केली. पूर्वेचे २ वजा ३.४६ म्हणजे उणे १.४६. उत्तरेचे २ वजा ६ म्हणजे उणे ४. पायथागोरसला साकडं घातलं, ४.२६ किमी. तो १२ किमीचा द्राविडी प्राणायाम आणि पदरात सव्वाचार!

राहिली दिशा. उत्तरेच्या बाकीला पूर्वेच्या बाकीने भागून कोन काढायला टॅन इन्व्हर्स दाबलं, ७० अंश. भाची खूश, म्हणजे ईशान्येच्या अंगाला. अगं, दोन्ही वह्यांत उणे आहे, माणूस नैऋत्येला पडलाय! पण उण्याला उण्याने भागलं की उणं गेलं, मग यंत्राला काय कळणार, ते बिचारं उणे ९० ते ९० च्या बाहेरचं बघतच नाही. म्हणून १८० मिळवायचे, पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजून २५० अंश. किंवा साध्या भाषेत, पश्चिमेपासून दक्षिणेकडे ७० अंश.

पुस्तकाच्या मागे उत्तर होतं, दक्षिणेपासून पश्चिमेकडे २० अंश.

"मामा, तुझं चुकलं."

चुकलेलं नाही! तीच दिशा आहे, फक्त दुसऱ्या बाजूने मोजलीये. आणि होकायंत्रवाल्यांना विचारशील तर ते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजून २०० म्हणतील, तेही बरोबर. ७०, २०, २५० आणि २००, चारही उत्तरं त्याच एका बाणाची. हे मी कागद आडवा-उभा फिरवून, हातवारे करून, शेवटी स्वतः उठून नैऋत्येला तोंड करून उभं राहून पटवलं. तिने वहीत मागचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं आणि पान उलटलं. पुढच्या गणितात माणूस नाहीये, विमान आहे, आणि वारासुद्धा सुटलाय.