'नुसतं सांभाळणं' म्हणजे काय हो?

लहान मुलांसोबतच्या कामावरच्या एका लेखात बालवाडी म्हणजे शिक्षण आणि पाळणाघर म्हणजे नुसतं सांभाळणं, असं म्हटलंय. हे काही पटलं नाही. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पाळणाघरात ताई लंगोट बदलतानाही बाळाशी बोलत असतात, "आता हा पाय वर, आता तो!" भाषा तिथूनच तर सुरू होते. बालवाडीत निदान सुट्ट्या असतात. इथे दिवसभर मूल कडेवर, कंबरदुखी फुकट. पगाराचं तर दोन्हीकडे बोलायलाच नको. तरी २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यानं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं, म्हणजे कामं आहेत. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलींनो, घाईत तान्ही बाळं किंवा बालवाडीतली मुलं असा एकच वयोगट धरू नका. इथल्या सयाजीराव विद्यापीठात मानव विकास (माणसाच्या बाळपणापासूनच्या वाढीचा अभ्यास) हा विषय आहे, तिथे चौकशी करा.