बूस्टर परत आणून पैसे खरंच वाचतात

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा पहिला टप्पा, परत उतरवणं हा नुसता दिखावा आहे, उतरवायचं इंधन आणि नंतरची दुरुस्ती यातच सगळी बचत जाते, आणि नासाच्या स्पेस शटलच्या, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायच्या यानाच्या, वेळी हे दिसलंच होतं म्हणे.

आधी इंधन. इलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटमध्ये केरोसीन आणि लिक्विड ऑक्सिजन असतं, पूर्ण खर्चात त्याचा वाटा अगदी किरकोळ. महाग आहे ती मशीन, पहिल्या टप्प्यातच ९ इंजिनं आहेत, आणि मस्कच्या सांगण्याप्रमाणे खर्चातला साधारण ६०% भाग एकट्या त्या टप्प्याचा. हां, उतरायला इंधन राखून ठेवलं की पेलोड, म्हणजे वर नेता येणारं वजन, कमी होतो हे खरंय, बूस्टर सोडून दिला तर २२.८ टन जातात, परत आणला तर १७ टनांच्या आसपास. पण तेवढ्यात सगळ्यात महागडा भाग हातात राहतो ना!

आता शटल. १९८१ ते २०११ मध्ये १३५ मोहिमा झाल्या आणि खर्च अफाट झाला, मान्य. पण का झाला ते बघा की. ऑर्बायटर, म्हणजे शटलचं विमानासारखं यान, कक्षेच्या वेगाने वातावरणात शिरायचं, त्या उष्णतेसाठी लावलेल्या हजारो टाइल्स दर वेळी तपासत बसायला लागायचं, बाहेरची मोठी टाकी प्रत्येक वेळी नवी, बूस्टर समुद्राच्या खाऱ्या पाण्यात पडायचे. फाल्कनचा बूस्टर कक्षेत जातच नाही, मध्येच वेगळा होऊन खाली येतो, त्यामुळे तापतो कितीतरी कमी.  हे शटलसारखं कुठून आलं?

दुरुस्तीचं म्हणाल तर प्रतिस्पर्धी कंपनी युएलएचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो यांनीच २०२० मध्ये सांगितलं होतं, की एका बूस्टरची सरासरी १० उड्डाणं झाली तर परवडेल. काही बूस्टर आता ३० च्या पुढे गेलेत.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची बरोबर आहे, गिऱ्हाइकाला लागणारा जाहीर दर उतरला नाही, उलट ६.२ कोटी डॉलरवरून २०२४ पर्यंत ७ कोटींच्या जवळ गेला. पण तो दर आहे, कंपनीचा स्वतःचा खर्च नाही, टक्कर द्यायला दुसरं कोणी नसताना दर कोण कशाला उतरवेल? नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्लू ओरिजिन या दुसऱ्या कंपनीनेही आपल्या न्यू ग्लेन रॉकेटचा बूस्टर उतरवून दाखवलाय, आता दरावर दबाव येऊ शकतो.