परदेशातून: लिलावाशिवाय उभा राहिलेला संघ

आयपीएलचा मोठा लिलाव जवळ आला की आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो: जमलेले संघ दर तीन-चार वर्षांनी मोडायचे कशाला? मोडणाऱ्यांचं म्हणणं, नाहीतर बलाढ्य मालकांचेच संघ कायम वरचढ राहतील. इथे अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये लिलाव नाही. तरी २०२४-२५चं विजेतेपद पटकावलं ते ओक्लाहोमा सिटी थंडरने, लीगमधल्या सगळ्यात छोट्या शहरांपैकी एकाच्या संघाने. ८२ पैकी ६८ सामने जिंकले, आणि सगळ्या सामन्यांत मिळून सरासरी १२.९ गुणांनी पुढे राहिले. एवढा फरक एनबीएत त्याआधी कुणालाच जमला नव्हता.

थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरच्या सामन्यागणिक ३२.७ गुणांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण हंगाम घडला तो बचावात. थंडरने स्वतः चेंडू सामन्याला १२ वेळाही घालवला नाही, आणि समोरच्यांना सरासरी १७ वेळा घालवायला लावला. म्हणजे नेम जेमतेम लागला तरी पाचेक संधी जास्तीच्या. याची किंमतही आहे: सगळे बास्केटखाली गोळा होतात, त्यामुळे समोरच्यांना कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मोकळा मिळतो.

बाद फेरीतल्या डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेचा सातवा, निर्णायक सामना पुन्हा बघण्यासारखा आहे. डेन्व्हरच्या ६ फूट ११ इंचांच्या निकोला योकिचवर सोडला कोण, तर ६ फूट ५ इंचांचा अॅलेक्स करुसो! मागून रेटत बसला असता तर चिरडला गेला असता. त्याऐवजी तो योकिचच्या पुढे उभा राहिला आणि हात आडवा घालून पासच अडवत राहिला. डोक्यावरून चेंडू टाकावा तर मागे थंडरचा उंच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा गडी, टपलेला. निकाल १२५-९३. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात मात्र चेंडू घालवायला लावण्याची युक्ती अर्धवट राहिली. इंडियानाकडून चेंडू भरपूर सुटले, पण त्यावर पुरेसे गुण झाले नाहीत. शेवटच्या क्वार्टरमधली १५ गुणांची आघाडी वितळली आणि ०.३ सेकंद उरलेले असताना इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनने सामना काढून नेला. ती मालिका थंडरने ४-३ अशी कशीबशी जिंकली.

हा संघ जमला कसा? २०१९ मध्ये आपला खेळाडू पॉल जॉर्ज क्लिपर्स संघाला देऊन गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले क्रमांक, घेतले. त्यातल्याच एकातून २०२२ साली बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. मधली दोन वर्षं संघ सपाटून हरला, २२-५० आणि २४-५८. हरल्याने ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता वाढते, म्हणून इथे अशा हरण्याला मुद्दाम ठरवलेलं म्हणतात, आणि तो आरोप पोकळ नाही.

आपल्याकडे ड्राफ्टच नाही, तेव्हा हरून हाती काही लागत नाही. पण म्हणून जिंकणाऱ्याची घडी मोडायची? २०२४चा विजेता कोलकाता. त्याचा कर्णधार श्रेयस अय्यर लिलावात २६ कोटी ७५ लाखांना पंजाबकडे गेला. पुढच्या मोसमात पंजाब अंतिम सामन्यात, कोलकाता आठवं. याला समतोल म्हणायचं तर म्हणा. मला ही सोडत वाटते. भविष्यातले हक्क देऊन खेळाडू घेण्याची सोय आणि लांब करार, एवढं तरी इथून उचलायला हरकत नाही. शहराकडून पैसे काढायची पद्धत मात्र नको: इथे नव्या स्टेडियमसाठी किमान ९० कोटी डॉलर लागणार, त्यातले संघाचे फक्त ५ कोटी, बाकी मुख्यतः नागरिकांच्या विक्रीकरातून.

संघ फुगू नये म्हणून इथे लिलावाऐवजी पगाराच्या पायऱ्या आहेत. संघाच्या एकूण पगाराने यातली दुसरी मर्यादा ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा हक्क गोठतो. थंडरच्या विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन यांचे मोठे करार २०२६-२७ पासून लागू होतात. त्याच वर्षासाठी संघातल्याच हार्टनस्टाइन आणि डॉर्टला ठेवायचं की सोडायचं हे करारानेच संघाच्या मर्जीवर सोडलंय, त्यामुळे कात्री आधी तिथे लागण्याची शक्यता जास्त.